शीर्षकातली शिवी

मर्ल हॅगार्डच्या ‘ओकी फ्रॉम मस्कोगी’ (१९६९) या गाण्याला हिप्पीविरोधी देशभक्तिगीत म्हणून समीक्षक मोकळे होतात. मला ते अपुरे वाटते. हॅगार्ड मस्कोगीचा नव्हेच. जन्म १९३७चा, कॅलिफोर्नियातला. आईवडील ओक्लाहोमातून पोटासाठी आलेले. रेल्वेत कामाला असलेल्या वडिलांनी मालगाडीच्या जुन्या डब्याचे घर केले. अशा स्थलांतरितांना तिथे ‘ओकी’ म्हणून हिणवत. (‘घाटी’ ऐकलेल्यांना अधिक सांगायला नको.) मर्ल नऊ वर्षांचा असताना वडील गेले. गाण्यात बाप कुठेच नाही. पण बापाच्या वाट्याला आलेली शिवी मुलगा शीर्षकात मिरवतो. ध्वजापेक्षा मला तो शब्द मोलाचा वाटतो. मात्र हाच गायक लांब केसांच्या, युद्धविरोधी पोरांची टर उडवतो, तिथे गाणे खुजे होते.