डोळ्यांची आखणी आणि मेंदूतला सरडा

या मालेत आतापर्यंत मेंदूचे भाग, चेतापेशी, उत्क्रांती असं सगळं आपण ओळीने घेतलं. आज नवीन काही शिकवायचं नाही. आज एका आकृतीवर टीका करायची आहे. ती आकृती आम्हीही याच मालेत एकदा फळ्यावर काढली होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

आकृती तुम्हाला माहीत आहे. कांद्यासारखे तीन थर. सगळ्यात आत सरपटणाऱ्या प्राण्याचा मेंदू. तो श्वास, भूक, हल्ला, पळ काढणं हे पाहतो. त्यावर सस्तन प्राण्यांचा भावनांचा मेंदू. सगळ्यात वर, टोपीसारखा, विचार करणारा माणसाचा मेंदू. मग वक्ते सांगतात की तुमच्या आत एक सरडा बसलेला आहे, आणि वरच्या मजल्यावरचा साहेब त्याला आवरतो. साहेबाचं लक्ष चुकलं की सरडा सुटतो. शाळेतलं पालक-मार्गदर्शन असो, कंपनीतलं प्रशिक्षण असो, मोबाइलवर फिरणारे दोन मिनिटांचे व्हिडिओ असोत, सगळीकडे हा सरडा आहे.

ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ पॉल मॅक्लीन यांची. 'लिंबिक सिस्टिम' हा शब्द त्यांनीच 1952 मध्ये रूढ केला. तीन थरांच्या मेंदूबद्दल ते 1960च्या दशकापासून लिहीत होते, आणि 1990 मध्ये त्यावर त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. पण सामान्य वाचकापर्यंत सरडा पोचवला तो कार्ल सेगन यांनी, 1977 च्या 'द ड्रॅगन्स ऑफ ईडन' या पुस्तकातून. त्याला पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळालं. पुस्तक वाचायला अजूनही छान आहे, यात वाद नाही. सेगन स्वतः तीन थरांकडे बरंचसं रूपक म्हणून पाहत होते. पुढच्या लोकांनी रूपक गाळलं आणि शरीररचना म्हणून तेच पुढे ढकललं.

मॅक्लीन यांचं श्रेय काढून घ्यायचं नाही. ज्या काळात भावना हा विषय प्रयोगशाळेत नेणं कमीपणाचं वाटायचं, त्या काळात त्यांनी भावनांना मेंदूत जागा दिली. माकडांच्या वागण्यावरची त्यांची निरीक्षणं कष्टाने केलेली आहेत. चूक आहे ती इमारतीच्या नकाशात.

आता आपण बसलो आहोत त्या गावाकडे पाहू. जिते, हमरापूर, जोहे हा सगळा पट्टा गणपतीच्या मूर्तींचा. इथल्या श्रोत्यांना मूर्ती कशी होते हे आम्ही सांगायची गरज नाही, पण ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. साच्यातून कच्ची मूर्ती निघते, सांधे भरले जातात, घासून गुळगुळीत होते, मग पांढरा हात, अंगाची कांती, सोवळं, शेला, दागिने. एकावर एक थर. मॅक्लीन यांच्या नकाशात उत्क्रांती अशी चालते: आतली मूर्ती तशीच राहते, वर नवा रंग चढतो. पण कारखान्यात नवीन मूर्ती येण्याची दुसरीही एक रीत आहे. जुन्याच मूर्तीचा हात थोडा वळवायचा, सोंड बदलायची, बैठक रुंद करायची आणि त्यावरून नवा साचा घ्यायचा. त्या नव्या मूर्तीत 'जुना भाग आत आणि नवा भाग बाहेर' असं काही दाखवता येत नाही. सगळी मूर्ती जुनी आहे आणि सगळीच बदललेली आहे. मेंदूची उत्क्रांती या दुसऱ्या रीतीने झाली. (साचा बदलणारा कारागीर मात्र तिथे कुणी नाही, एवढं उपमेतून वजा करा.)

पुरावा काय? मॅक्लीन ज्याला 'सरपटणारा' भाग म्हणत, तो मुख्यतः बेसल गँगलिया. मोठ्या मेंदूच्या पोटात खोलवर असलेले हे पेशींचे गठ्ठे. लँप्रे नावाचा एक जबडा नसलेला, आपल्या वामसारखा लांबट जलचर आहे. त्याची वंशरेषा आपल्यापासून सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वी फुटली, म्हणजे पृथ्वीवर सरपटणारा प्राणी यायच्या कितीतरी आधी. 2011 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की बेसल गँगलियाचा मूळ आराखडा त्या लँप्रेतही आहे. मग त्याला सरड्याचा का म्हणायचं? उलट बाजूनेही तसंच. ज्या भागापासून आपल्यात मेंदूचं बाह्यक, म्हणजे कॉर्टेक्स, घडलं, त्याच मूळ भागातून सरड्याचाही एक भाग घडलेला आहे. पक्ष्यांच्या बाबतीत तर शास्त्रज्ञांना 2004 च्या सुमारास सगळी नावंच बदलावी लागली. जुन्या नावांवरून कावळ्याचा जवळजवळ सगळा मेंदू 'खालच्या' दर्जाचा ठरत होता, आणि कावळा काय करू शकतो हे अंगणात पापड वाळत घालणाऱ्या कुणालाही विचारा.

इथपर्यंत शरीररचनेचा वाद झाला. आम्हाला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते पुढे आहे.

मूर्तीचं शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे डोळ्यांची आखणी. प्रत्येक कारागीर ते करत नाही. हात एकदा टेकला की भुवईची रेघ एका दमात ओढायची, पापणीची कड, बुबुळ, नजर कुठे लागणार ते. वर्षानुवर्षं आखणी केलेल्या माणसाला मध्येच थांबवून "आत्ता मनगट किती वळवलंत?" असं विचारलं, तर रेघ बिघडेल आणि उत्तरही मिळणार नाही. हे कौशल्य मेंदूत कुठे राहतं? एका जागी नाही, पण त्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते दोन भाग म्हणजे लहान मेंदू आणि बेसल गँगलिया. अमेरिकेत अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदीर चक्रव्यूहातली वाट शिकत असताना बेसल गँगलियातल्या पेशींचे संदेश नोंदवले गेले. सुरुवातीला त्या पेशी वाटभर बोलत होत्या. सवय मुरल्यावर मुख्यतः आरंभी आणि शेवटी बोलू लागल्या, जणू सगळी कृती एका गठ्ठ्यात बांधली गेली.

उंदरावरून थेट कारागिरावर उडी मारू नये, हे खरं. पण पार्किन्सनचा आजार माणसांचाच आहे. त्यात बेसल गँगलियाला डोपामिन पुरवणाऱ्या पेशी मरतात. विचारशक्ती बरीच शाबूत असताना माणसाचं अक्षर बारीक बारीक होत जातं, शर्टाचं बटण लावणं हे दिवसाचं मोठं काम होऊन बसतं. म्हणजे ज्या भागाला आपण आतला सरडा म्हणून हिणवतो, तो आजारी पडला की पहिल्यांदा जातात त्या सफाईच्या, शिकून कमावलेल्या, पूर्णपणे मानवी हालचाली. जित्यात जी नजर मूर्तीला मिळते तिच्यात या 'सरड्या'चा हात आहे. 'जित्याची खोड' या म्हणीतलं जित्या म्हणजे हे गाव नव्हे, पण खोड, म्हणजे मुरलेली सवय, राहते ती याच भागाच्या आधाराने.

आकडेही ऐका. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत, हे ब्राझीलमधल्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मोजून दाखवलं. त्यातल्या सुमारे 6,900 कोटी लहान मेंदूत, आणि ज्याला आपण विचारांचा मुकुट म्हणतो त्या कॉर्टेक्समध्ये सुमारे 1,600 कोटी. पेशींची संख्या म्हणजे हुशारी नव्हे, पण 'वर ते श्रेष्ठ, खाली ते हलकं' ही उतरंड पेशींना मान्य नाही. ती कुठून आली असेल याचा विचार आपल्या समाजात तरी फार लांब जाऊन करावा लागू नये. डोक्याचं काम वरचं, हाताचं खालचं, हे आपण मेंदूच्या आकृतीआधीपासून ऐकत आलो आहोत. कारखान्यात बसणाऱ्या मुलाला "डोकं नाही, हात चांगला आहे" असं म्हणतात, तेव्हा हात चालवतो तो मेंदूच, हे कुणी सांगत नाही. (डाव्या-उजव्या मेंदूची माणसं हा त्याच दुकानातला दुसरा माल. त्यावर वेळ घालवत नाही.)

आता राग आणि भीती. "हात उचलला गेला, काय करणार, अमिग्डालाने ताबा घेतला," असं वाक्य आम्ही प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांच्या तोंडून ऐकलं आहे. हात कुणावर उचलला होता ते त्यांनी सांगितलं नाही. सरड्याची गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त खुपते ती इथे. तेच गृहस्थ साहेबांसमोर कितीही संतापले तरी हात खिशात ठेवतात. एवढा माणूस ओळखणारा सरडा आम्ही पाहिलेला नाही.

आणि अमिग्डाला म्हणजे भीतीचं बटण, हेही टिकत नाही. याची एक बाजू आपल्याच जिल्ह्यात दिसली. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण रात्री-बेरात्री येत. घामाने चिंब, हातपाय गार, रक्तदाब चढलेला, मग फुप्फुसात पाणी. पाठ्यपुस्तकात 'लढा किंवा पळा' या मथळ्याखाली जे चित्र असतं, तेच जीवघेण्या टोकाला गेलेलं. विष चेतातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं आणि अ‍ॅड्रेनलिन-नॉरअ‍ॅड्रेनलिनचा लोंढा येतो. बावस्करांनी रक्तवाहिन्यांवर होणारा हा मारा रोखणारं प्राझोसिन वापरलं. 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते काम आलं. पूर्वी गंभीर रुग्णांतले 30 टक्के किंवा त्याहूनही जास्त दगावत, ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास उतरलं.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे थांबून पाहावं. भीतीचं सगळं शरीर इथे हजर आहे, आणि ते उभं केलं कुणी? विषाने. 1924 मध्ये स्पेनमधल्या ग्रेगोरिओ मारान्योन यांनी लोकांना अ‍ॅड्रेनलिन टोचून पाहिलं, तर बहुतेकांनी धडधड सांगितली. काहींना भीती वाटल्या'सारखं' झालं, खरी भीती वाटलेले थोडेच. म्हणजे शरीराची धावपळ ही भीतीची एक बाजू, पुरती भीती नव्हे. दुसरीकडे एस. एम. या नावाने ओळखली जाणारी अमेरिकेतली रुग्ण. आजाराने तिचे दोन्ही अमिग्डाला नष्ट झालेले. साप हातात घेऊन ती कुतूहलाने कुरवाळत बसली. पण 2013 च्या प्रयोगात कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिल्यावर तिला घाबरगुंडीचा झटका आला. अमिग्डालाशिवाय. त्या भागावर आयुष्य घालवलेले जोसेफ लेडू हेही आता त्याला भीतीचं केंद्र म्हणू नका, धोक्याला प्रतिसाद देणारी यंत्रणा म्हणा, असं सांगतात.

मग उत्क्रांतीवरून वागण्याचा अर्थ लावणंच सोडायचं का? मुळीच नाही. चांगली कामं आहेत, आणि ती कशी ओळखायची हेही त्यांतूनच कळतं. मायकल कुक आणि सुझन मिनेका यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग घ्या. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाची भीती नव्हती. जन्मजात नव्हतीच. त्यांना दुसरं माकड खेळण्यातल्या सापाला घाबरतंय अशी चित्रफीत दाखवली, तेव्हा ती घाबरायला शिकली. तीच चित्रफीत जुळवाजुळव करून माकड फुलांना घाबरतंय अशी दाखवली, तेव्हा ती शिकली नाहीत. वारशाने आली ती भीती नव्हे, विशिष्ट भीती पटकन शिकण्याची तयारी. बघा, यात दावा चुकीचा ठरण्याची सोय होती. माकडं फुलांनाही घाबरली असती तर गोष्ट संपली असती. "पुरुष शिकारीला जायचे म्हणून त्यांना आज भाजी चिरता येत नाही" या छापाच्या गोष्टींमध्ये ही सोय कुठे आहे ते शोधून पाहा.

आणि ही तयारी भातशेतात किती पुरते? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसं गेली, बहुतेक खेड्यांत, निम्मी पावसाळ्यात. घोणस गवतात दिसत नाही, मग घाबरायचं कशाला? तिथे बॅटरी, गमबूट आणि वेळेवर मिळालेलं प्रतिविष कामाला येतं.

कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या काही शिक्षकांनी विचारलं होतं की पाठ्यपुस्तकात तीन थर असले तर वर्गात काय करायचं. आकृती काढा, परीक्षेत विचारतील. मग तिच्या शेजारी तो वामसारखा लँप्रे काढा, त्याच्या डोक्यातही बेसल गँगलिया दाखवा, आणि मुलांना विचारा की आता 'सरपटणारा' हे लेबल कुठे चिकटवायचं. आम्ही हे दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तास संपला तरी वाद चालू होता. चला, प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर आहे, माइक तिकडे द्या.