कंडेन्सरचा पुरावा

पाळीचा ताप ओळखणारे जुने डॉक्टर रोग्याला ताप चढलेला असतानाच रक्त घ्यायचे. ताप उतरल्यावर आलेला माणूस ठणठणीत दिसतो आणि तपासणाऱ्याला फसवतो. कधी चालू होणाऱ्या आणि कधी न होणाऱ्या जुन्या गाडीचं अगदी तसंच आहे. कायमची बंद पडलेली गाडी त्या मानाने सरळ असते, कारण तिच्यात बिघाड हजर असतो. कधीमधी अडणारी गाडी गॅरेजपर्यंत स्वतःच्या चाकांवर येते, पहिल्या सेल्फला पेटते आणि मालकाला खोटं पाडते. तिच्याशी वागायची एक शैली असते. ती शैली मी यवतमाळला खेटून असलेल्या लोहाऱ्यात, दारव्हा रस्त्याकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पाहिली आणि तिचं रसग्रहण करावंसं वाटलं. एमआयडीसीमुळे या भागात ट्रक, टेम्पो, पिकअप यांची वर्दळ असते. शेडच्या मिस्त्रींचं पोट त्यांच्यावरच चालतं. पण जुनी पद्मिनी आली की त्यांचा चेहरा बदलतो.

गाडी एका निवृत्त गुरुजींची होती, प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या परवान्यावर कुर्ल्यात बांधलेली ही मोटार १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, एक कार्ब्युरेटर. मुंबईत ती काळीपिवळी होऊन इतकी वर्षं धावली, की ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोपाचे लेख वाहिले. तिच्या इंजिनात संगणक नाही, सेन्सर नाही, दोष सांगणारा कोड नाही. बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर यांची ही प्रज्वलनाची रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास बसवली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच पेटल्या. दोष सांगायला इथे यंत्र नसतं, माणूस लागतो.

मिस्त्रींचं पहिलं हत्यार प्रश्न. बॉनेट उघडलंसुद्धा नव्हतं. तक्रार अशी, की लांबून आल्यावर गाडी उभी केली आणि पुन्हा चालू करायला गेलं तर सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही. गुरुजींचं निदान तयार होतं: विदर्भातला उन्हाळा, पेट्रोलची वाफ होते. इलाजही तयार होता, पेट्रोलच्या एसी पंपावर ओलं फडकं. पंधरा-वीस मिनिटं फडकं ठेवलं की गाडी हमखास चालू होते, असा त्यांचा दोन उन्हाळ्यांचा अनुभव. हे निदान वेडगळ नाही. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बोल्ट केलेला असतो, तो टाकीतून पेट्रोल ओढून घेतो, आणि ओढीच्या बाजूला दाब कमी असल्यामुळे पेट्रोल तिथे लवकर उकळतं. मे महिन्यात यवतमाळचा पारा चव्वेचाळीसच्या आसपास असताना बॉनेटखाली काय होत असेल याची कल्पना करा.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “गुरुजी, थंडीत बी करते का ही असं?”

गुरुजी थांबले. “करते ना. दिवाळीनंतर दारव्ह्याहून आलो, तवा केलं होतं.”

“मंग फडकं ठेवलं होतं?”

“नाही. चहा पिऊन आलो, तं झाली चालू.”

या चार ओळींत अर्धी तपासणी झाली. ओल्या फडक्याच्या बाजूने दोन उन्हाळ्यांची साक्ष होती, पण त्या साक्षीत एक गोष्ट लपलेली होती. फडकं ठेवलं की पंप गार होतो हे खरं, पण त्या पंधरा मिनिटांत कॉइल, डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर, सगळंच गार होतं. इलाज फडक्याचा होता की वेळेचा, हे फडक्यावरून कळणार नाही. हिवाळ्यातल्या त्या चहाने ते वेगळं केलं. सरळ उलटतपासणी न करता, गुरुजींचा मान राखून, त्यांच्याच आठवणीतून हा दुवा काढणं मला फार देखणं वाटलं.

मग सेल्फ मारून ऐकणं. इथे मिस्त्री फार रेंगाळले नाहीत, कारण या गाडीचा सेल्फ जोमदार होता. पण ऐकण्यासारखं काय असतं ते सांगायलाच हवं. किल्ली फिरवल्यावर एकच ‘टक’ झाला आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइड ओढला जातोय पण मोटरपर्यंत करंट पोचत नाही. ‘टकटकटक’ अशी घाई ऐकू आली तर व्होल्टेज कोसळतंय. अगदी शांतता असेल तर सोलेनॉइडपर्यंत निरोपच गेलेला नाही. हेडलाइट लावून सेल्फ मारला तर हीच गोष्ट डोळ्यांना दिसते: दिवे मलूल झाले तर करंट कुठेतरी अडतोय किंवा बॅटरी खचली आहे, दिवे ढिम्म राहिले आणि टकही झाला नाही, तर किल्ली ते सोलेनॉइड हा रस्ता तुटला आहे. आणि इंजिन नेमकं किल्ली सोडता सोडता पेटत असेल, तर समजावं की सेल्फ फिरताना सगळी वीज स्वतःच खातोय आणि ठिणगीला उरत नाही.

अर्थिंगची पट्टी हा तर स्वतंत्र विषय आहे. सेल्फ दीडशे अँपिअर ओढत असताना इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या गंजक्या पट्टीचा रोध नुसता दोन शतांश ओहम असला, तरी तिथे तीन व्होल्ट जिरतात. बारा व्होल्टच्या गाडीत हा चौथा हिस्सा झाला. बॅटरी मात्र दुकानात तपासली तर निर्दोष निघते. म्हणून मिस्त्री मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी थेट इंजिनच्या धातूवर टेकवून मगच सेल्फ मारायला सांगतात. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला तर पट्टी साफ. पिन तारेच्या क्लॅम्पला न लावता शिशाच्या खांबालाच लावायची, कारण बऱ्याचदा चोर या दोघांच्या मधल्या पांढऱ्या बुरशीत बसलेला असतो. पिनेचं टोक कुठे टेकतंय यातच सगळी परीक्षा आहे.

अशीच आणखी एक गंमत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कुठेही थांबत नाही. कॉम्प्रेशनच्या विरोधामुळे फ्लायव्हीलच्या एका फेऱ्यात ठरलेल्या दोनच जागांच्या आसपास ते विसावतं. त्यामुळे रिंग गिअरचे दात त्या दोन जागीच जास्त झिजतात. तिथे थांबलं तर पिनियन पकडत नाही, जरा पुढेमागे थांबलं तर पकडतं. मालक म्हणतो, “कधी होते, कधी नाही.” गाडी गिअरमध्ये टाकून वीतभर ढकलली की चालू होते आणि लोक त्याला नशीब म्हणतात.

गुरुजींच्या गाडीकडे वळतो. सेल्फ उत्तम, म्हणजे प्रश्न पेट्रोलचा किंवा ठिणगीचा. याआधी दुसरीकडे कुठे कुठे गाडीची बॅटरी बदलली होती, प्लग बदलले होते, कॉइलही नवीन होती. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजातून चालू होऊनच बाहेर पडली होती, पण बिघाड हजर असताना तिला कोणी पाहिलंच नव्हतं. मिस्त्रींनी काहीही न उघडता गुरुजींना शेजारी बसवलं आणि गाडी बाहेर काढली. बराच वेळ पळवून, भर दुपारी शेडसमोर आणून बंद केली. दहा मिनिटं बॉनेट बंदच ठेवलं. या दहा मिनिटांत इंजिनचं तापमान उतरत नाही, वर जातं, कारण पाणी फिरायचं थांबतं, पंख्याचा वारा थांबतो आणि लोखंडातली धग वर येत राहते. मग सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही. मिस्त्रींच्या तोंडावर जे समाधान दिसलं ते गाडी चालू झाल्यावरही तेवढं दिसलं नाही.

आता घाई करायची, पण काहीही न हलवता. बिघाड उन्हावर ठेवलेल्या लोण्यासारखा विरघळून जायच्या आत त्याची ओळख पटवायला हवी, आणि वायर ओढणं, टर्मिनल घासणं, प्लग काढणं अशी प्रत्येक हालचाल त्याला पळवून लावू शकते. मिस्त्रींनी एअर फिल्टरचं झाकण तेवढं काढलं, कार्ब्युरेटरच्या घशात डोकावून थ्रॉटल एकदा हाताने दाबला. पेट्रोलची बारीक, सरळ धार दिसली. म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे, वाफेने लाइन अडलेली नाही. मग वास घेतला. घशात पेट्रोलचा दर्प भरून राहिला नव्हता, भिंती ओल्या नव्हत्या. हा दुसरा भाग बरेच जण विसरतात. तापलेल्या गाडीत पेट्रोलचे दोन उलटे रोग असतात: एकात पेट्रोल येतच नाही, दुसऱ्यात वाटीतलं पेट्रोल उकळून खाली इंजिनात सांडतं आणि गाडी बुडते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि इलाज मात्र परस्परविरोधी. एका नजरेत आणि एका श्वासात दोन्ही बाद झाले.

ठिणगी तपासायला त्यांनी कॉइलची मधली जाड वायर कॅपमधून काढली, कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यात धरली आणि टोक इंजिनपासून अर्ध्या सेंटिमीटरवर ठेवलं. चिमटा लाकडी, कारण तिथे हजारो व्होल्ट असतात. सेल्फ मारल्यावर जी ठिणगी पडली ती पिवळी, बारीक, लाजरी होती. निरोगी ठिणगी निळसर असते आणि तिचा कडकडाट ऐकू येतो. म्हणजे दोष रोटर, कॅप आणि प्लग यांच्या अलीकडे. उरले तिघे: कॉइल, पॉइंट, कंडेन्सर.

इथे सगळ्यांचा हात कॉइलकडे जातो. तापल्यावर आतलं इन्सुलेशन दगा देणं हा कॉइलचा प्रसिद्ध रोग आहे. मिस्त्रींनी मात्र डिस्ट्रिब्युटरची कॅप बाजूला केली, इग्निशन चालू ठेवलं आणि बंद असलेले पॉइंट पेचकसाच्या टोकाने अलगद उघडले. पॉइंटांमध्ये चांगली लठ्ठ, पांढरट ठिणगी उडाली. मला वाटलं, ठिणगी आहे म्हणजे चांगलंच. मिस्त्रींनी मान हलवली. “हे इथं नाही पायजे, भाऊ. इथला करंट तिकडं प्लगला जायला पायजे.”

त्या एका वाक्यात केटरिंगची सगळी रचना आली. पॉइंट बंद असताना कॉइलच्या जाड वेटोळ्यातून सुमारे चार अँपिअर वाहतात आणि चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र एकदम कोसळायला हवं, कारण कोसळण्याच्या वेगावरच बारीक वेटोळ्यातला दाब ठरतो. पण वाहती वीज अशी एकदम थांबायला तयार नसते, ती उघडणाऱ्या फटीतून उडी मारते. त्या क्षणी तिला सामावून घेण्याचं काम कंडेन्सरचं. हा करंगळीच्या पेरापेक्षा थोडा मोठा डबा इंजिन आयडलला साडेसातशेच्या गतीने फिरत असताना सेकंदाला पंचवीस वेळा हे काम करतो. त्याने दांडी मारली की वीज पॉइंटांमध्येच जळून जाते, क्षेत्र रेंगाळत कोसळतं आणि प्लगला पिवळी, दुबळी ठिणगी मिळते. कंडेन्सरच्या आतली जोडणी तापल्यावर सुटत असेल आणि गार झाल्यावर पुन्हा टेकत असेल, तर चहा पिऊन येईपर्यंत गाडी बरी होणारच.

मग आला तो तुकडा, ज्याच्यासाठी हा लेख. मिस्त्रींनी जुना कंडेन्सर काढला नाही, त्याचा स्क्रूसुद्धा सैल केला नाही. खिशातून दोन क्रोकोडाइल क्लिप लावलेला दुसरा कंडेन्सर काढला. एक क्लिप कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरी इंजिनच्या धातूला. विजेच्या दृष्टीने ही जागा पॉइंटांशेजारचीच. जुना आपल्या जागी, तापलेला, अस्पर्श. कॅप बसवली, सेल्फ मारला, इंजिन पेटलं. इंजिन चालू असतानाच त्यांनी क्लिप काढली. इंजिन फडफडून मेलं. क्लिप लावली, सेल्फ मारला, चालू. पुन्हा काढली, मेलं. शेजारी दुसरा कंडेन्सर जोडल्याने काम भागतंय याचा अर्थ जुना आतून तुटलेला आहे. तो आतून शॉर्ट झाला असता, तर शेजारी कितीही जोडले तरी ठिणगी परतली नसती आणि जुन्याची वायर आधी सोडवावी लागली असती. एका क्लिपने दोषी कोण ते सांगितलं आणि गुन्ह्याचा प्रकारही सांगितला.

पॉइंट त्यांनी नंतर भिंगाखाली पाहिले. कंडेन्सर बिघडलेला असेल तर धातू एका पॉइंटवरून दुसऱ्यावर जमा होतो, एकीकडे टेंगूळ, समोर खड्डा. इथे दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेले होते. कोणीतरी प्रामाणिकपणे सफाई केली होती आणि सफाईबरोबर पुरावाही पुसला होता. फटीत पट्टी घालून पाहिली, ०.४ मिलिमीटरच्या आसपास, ठीक.

कंडेन्सर बदलताना त्यांनी दुकानातला न घेता पत्र्याच्या डब्यातला जुना, पण चांगला चाललेला घेतला. हल्ली मिळणाऱ्यांवर त्यांचा फारसा भरवसा नाही. गाडी पुन्हा तापवून आणली, पुन्हा बॉनेट बंद ठेवून दहा मिनिटं घालवली, पहिल्या सेल्फला पेटली. गुरुजी म्हणाले, आता उघडलंच आहे तर पॉइंटही नवे टाकून द्या.

“पुढच्या खेपेला टाकू, गुरुजी,” मिस्त्री म्हणाले. “आज दोन गोष्टी बदलल्या, अन् उद्या रस्त्यात पुन्हा बंद पडली, तं कोनामुळं पडली ते मी कसं सांगू?”