खेळकर टंक आणि मराठी हाताचे वळण

लग्नपत्रिकेच्या तळाशी एक ओळ हमखास असते: ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ वरचा मजकूर ताठ छापील अक्षरांत, ही ओळ मात्र पुष्कळदा हस्ताक्षरासारख्या टंकात. राहुरीसारख्या तालुक्याच्या गावीही पत्रिका जुळवणाऱ्याला हा भेद शिकवावा लागत नाही. बोलणाऱ्याचे वय आणि सलगी अक्षराच्या वळणातून सांगणे, हेच खेळकर टंकाचे काम.

देवनागरीत या जातीचा सहज मिळणारा टंक म्हणजे ‘कलम’. इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ मध्ये आणला. रचनाकार लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न. नागरी आणि रोमन दोन्ही लिप्या, जाडीचे तीन प्रकार, वापर मोफत. अक्षरे किंचित कललेली, टोके गोल, स्केचपेनने भरभर लिहिल्यासारखी. निमंत्रणात, बालपुस्तकातल्या संवादात तो प्रसन्न दिसतो. पानभर मजकुराला मात्र असा टंक पेलत नाही. हाताने लिहिलेल्या ‘मामा’तले दोन ‘म’ कधी तंतोतंत सारखे नसतात. टंकात पर्यायी आकार मुद्दाम घडवले नसतील, तर ते एकच असतात आणि सोंग उघडे पडते.

शिरोरेषेचेही तसेच. बालबोधीत आपण शब्द लिहून मग रेघ ओढतो. मोडीत आधी ओळभर रेघ, मग तिच्याखाली अक्षरे. टंकात प्रत्येक अक्षर रेघेचा आपला तुकडा घेऊन येते आणि तो शेजारच्याशी जुळावाच लागतो. कमल शेडगे नाटकाचे नाव रेखाटत तेव्हा त्या एका नावापुरती रेघ वाकवायला, तोडायला मोकळे होते. टंककाराला न पाहिलेल्या हजारो शब्दांची सोय करावी लागते. ही त्याची उणीव नव्हे, कामाची अट आहे.

खरी उणीव ‘ल’ आणि ‘श’मध्ये दिसते. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवला. दंडाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ हे हिंदीचे वळण. अनेक नागरी टंकांत मराठी आकार असतातही, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंद केली तरच ते उमटतात. घाईत फ्लेक्स जुळवताना ही नोंद कोण करतो? मग भाच्याच्या तोंडच्या ‘लग्नाला’ या शब्दात दोन्ही ‘ल’ दंडाचे येतात. मराठी शाळेत जे वळण त्याने गिरवले नाही, ते त्याच्या नावावर खपते.

साध्या छापील टंकात हे एक वेळ चालवून घेता येईल. हस्ताक्षराचा आव आणणाऱ्या टंकात नाही, कारण हस्ताक्षर कोणीतरी, कुठल्यातरी शाळेत, कुठल्यातरी भाषेत कमावलेले असते. शिवाय हेच टंक मुलांच्या पुस्तकांत आणि अंगणवाडीच्या भिंतींवर जातात. मुले पाहून पाहून तेच गिरवतात.

म्हणून असा टंक निवडताना ‘खुशाल’ हा एकच शब्द छापून पाहावा. ‘श’ आणि ‘ल’ आपल्या वळणाचे उमटले, तर टंक खुशाल वापरावा.