पेरिप्लसमधल्या गाड्या, पांडवलेण्यातले विणकर

पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले. लेखक अनामिक, पण त्याची व्यापारी नजर ओळीओळीत जाणवते. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर. पैठणचे अकीक जातीचे दगड, तगरचे जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जाते, तेही धड रस्ता नसलेल्या अफाट मुलखातून. हा शेवटचा तपशील मला फार आवडतो. मालाची कोरडी यादी वाचता वाचता एकदम चाकांची खडखड ऐकू येते.

कल्याणवर तो दोनचार वाक्येच खर्च करतो. बंदर पूर्वी रीतसर व्यापाराचे होते. सांदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या हाती गेल्यावर अडवणूक सुरू झाली. चुकून तिथे लागलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेतात. एवढ्यात त्या काळचे सारे राजकारण आले. सूर तक्रारीचा नाही, मागून येणाऱ्या नाखव्याला सावध करण्याचा आहे.

भडोचकडच्या ज्या राजाला तो मान्बानोस म्हणतो, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते क्षत्रप नहपान. त्याचा जावई उषवदात याचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात आहे. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकर श्रेणीकडे, म्हणजे विणकरांच्या संघाकडे, 2000 कार्षापण नाणी दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवली. वर्षाचे व्याज 240. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12. हिशेब चोख जुळतो.

दुसऱ्या शतकातला टॉलेमी नाशिकचे नाव अक्षांश-रेखांशांसह नोंदवतो, पैठणच्या राजाचेही नाव देतो. तो राजा म्हणजे पुळुमावी, आणि पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात त्याची आजी गौतमी बलश्री हिच्या लेखात तो भेटतो. याच टॉलेमीने युरोपच्या उत्तरेकडचे स्कँडियाही (आजच्या स्कँडिनेव्हियाकडचा भाग) नोंदवले. पण तिथे त्याचे बोलणे पडताळायला त्या काळचे राजलेख नाहीत.

नाशिकचे भाग्य हेच, की परक्याच्या नोंदीला इथला दगड साक्ष देतो. पेरिप्लसकाराला बंदरावर उतरणारे कापड दिसले. कापड विणणाऱ्यांची पत किती होती, हे लेण्याने सांगितले. म्हणून पेरिप्लस वाचणाऱ्याने दहाव्या लेण्याचा लेखही वाचावा. दोन्ही मिळूनच त्या बाजारपेठेचे चित्र पुरे होते.