‘ब्रिक लेन’ आणि उपनगरी मराठी वाचक

मोनिका अली यांची ‘ब्रिक लेन’ (२००३) ही लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागातील बांगलादेशी स्थलांतरितांच्या जीवनावरील इंग्रजी कादंबरी होय. मैमनसिंग जिल्ह्यातील खेड्यात वाढलेली नझनीन, वयाने दुप्पट असलेल्या चानूशी विवाह होऊन त्या परक्या शहरात येते. घरबसल्या शिवणकाम करता करता ती स्वतःचे निर्णय घेऊ लागते. अखेरीस चानू ढाक्यास परततो. नझनीन मुलींसह लंडनमध्येच राहते.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) व ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) यांच्या परंपरेत घडलेल्या वाचकगटात या कादंबरीविषयी दोन मते संभवतात. पहिले मत तिला स्त्रीच्या आत्मभानाची कथा मानील. कोकणातून वा घाटावरून लग्न होऊन डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आलेल्या स्त्रीस नझनीनचा एकाकीपणा सहज उमगेल. दुसरे मत चित्रणाच्या सत्यतेविषयी शंका घेईल. लंडनमधील सिल्हेटी समाजातूनही बदनामीचा आक्षेप घेतला गेला व २००६ मध्ये चित्रपटाच्या चित्रीकरणास विरोध झाला. सिल्हेटींना कमी लेखणारी विधाने चानूच्या तोंडची आहेत आणि कादंबरी त्याच्या बढाईखोरपणाकडे उपरोधानेच पाहते. त्यामुळे हा आक्षेप पूर्णतः ग्राह्य ठरत नाही. मात्र ढाक्याहून बहीण हसीना लिहिते ती पत्रे मोडक्यातोडक्या इंग्रजीत दिली आहेत, हा खरा दोष होय. मातृभाषेत लिहिणारी स्त्री, शिक्षण अल्प असले तरी, तशी अडखळत नाही.

या दोन्ही मतांपलीकडचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जुलै १९९८ मध्ये मुंबईतील बंगालीभाषक जरी कारागिरांना ‘बांगलादेशी’ ठरवून पोलीस रेल्वेने हावड्याच्या दिशेने नेत होते. पश्चिम बंगालमधील उलुबेरिया येथे जमावाने गाडी अडवून त्यांना सोडविले. ते भारतीयच असल्याचा तेथील लोकांचा दावा होता. मुंबईहून हावड्याकडे जाणारा तो लोहमार्ग ठाणे व कल्याण या स्थानकांतूनच जातो. लंडनमध्ये शिवणकाम करणाऱ्या नझनीनविषयी वाटणारी आत्मीयता, त्याच मार्गाने नेल्या गेलेल्या कारागिरांच्या वाट्यास कितपत आली?

कायदेशीर वास्तव्याचा प्रश्न कादंबरी सोडवीत नाही. ते तिचे कार्यही नव्हे. परंतु ‘बांगलादेशी’ या शब्दामागे नाव, घर व कसब असलेली व्यक्ती असते, याची जाणीव ती देते. ठाणे-कल्याण परिसरातील वाचकगटाने ही जाणीव आपल्या शेजारापर्यंत आणली, तरच या कादंबरीचे वाचन सार्थ ठरेल.