शापित गाव आणि मोडलेला करार : ‘याशागाइके’ या जपानी नाटकासंबंधी एक टिपण

लोककथेच्या आधारे रचलेल्या जपानी अद्भुतसाहित्यात ‘शापित गाव’ ही कल्पना वारंवार आढळते. तिचे सर्वांत विचारप्रवर्तक रूप इझुमी क्योका (१८७३–१९३९) याच्या १९१३ मधील ‘याशागाइके’ या नाटकात पाहावयास मिळते. ‘याशा’ हे संस्कृत ‘यक्ष’ या शब्दाचे चिनी भाषेतून जपानीत गेलेले रूप होय. म्हणजे नाटकाचे नाव आपल्या कानाला वाटते तितके परके नाही. नाटकाची मुळेही केवळ जपानी मातीतील नाहीत. जर्मन नाटककार हाउप्टमान याच्या ‘बुडालेली घंटा’ या अर्थाच्या नाटकाच्या जपानी भाषांतरात क्योकाचा हात होता, हे विसरून चालणार नाही.

कथानक असे : एचिझेन प्रांतातील डोंगरातल्या तळ्यात नागदेवता कोंडलेली आहे. गावाने दिवसरात्रीतून तीन वेळा घंटा वाजवावी आणि तिने तळे सोडून गाव बुडवू नये, असा प्राचीन करार आहे. प्रांतोप्रांतीच्या लोककथा गोळा करीत हिंडणारा आकिरा येथे येतो, घंटा वाजविणारा म्हातारा मरतो आणि हा संग्राहक त्याची जागा घेऊन गावच्या युरी या मुलीशी संसार थाटतो. (क्षेत्रकार्यास निघणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी.) पुढे अवर्षण पडते. लोकप्रतिनिधी, शाळामास्तर, पुजारी अशी गावची प्रतिष्ठित मंडळी पावसासाठी युरीचा बळी देण्यास निघतात. ती स्वतःच प्राण देते. आकिरा घंटा वाजविण्याचे नाकारतो. पूर येऊन गाव बुडते.

या नाटकाला शापाचे नाटक म्हणण्याची प्रथा आहे; परंतु येथे शाप कोणी दिलेलाच नाही. आहे तो करार, आणि तो मोडणारे गाव. त्यातही क्योकाने मानवी स्वभावाचे जे मर्म पकडले आहे ते असे : घंटेची गोष्ट ज्यांना भाकडकथा वाटते, त्याच मंडळींना बळीची गोष्ट खरी वाटते. घंटा वाजविण्यात मध्यरात्रीही उठण्याचे कष्ट आहेत, आणि ते स्वतःचे आहेत. बळी द्यावयाचा तो दुसऱ्याच्या घरचा. श्रद्धेचा जो भाग आपल्याला झिजवितो तो टाकावा आणि जो दुसऱ्याला संपवितो तो जपावा, ही या गावाची विवेकबुद्धी. ‘अडाणी गाव’ म्हणून तिची बोळवण करता येत नाही, कारण तिचे पुढारपण शाळामास्तराकडे व लोकप्रतिनिधीकडेही आहे.

मुदखेडच्या आसपास वाढलेल्या वाचकाला पावसाची वाट पाहणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. मराठवाड्यात अवर्षणात ‘धोंडी’ काढतात : अंगाला कडुनिंबाचा पाला बांधलेला मुलगा दारोदार फिरतो आणि बाया त्याच्यावर पाणी ओततात. येथेही गाव पाऊस मागते. पण जे पाणी संपत आले आहे त्यातलेच, आपल्या घागरीतले, देऊन मागते. क्योकाच्या गावाने नेमका हा मार्ग सोडला आहे. उलट कोकणातील शिलाहारकालीन गद्धेगाळ पाहावेत. दान दिलेली जमीन हिरावणाऱ्याला त्यांवर शाप कोरलेला असतो, पण त्यातील विटंबना त्याच्या आईची. करार एकाने मोडावा आणि दंड दुसरीने भोगावा, हा न्याय आपल्या दगडांवरही कोरलेला आहे.

लातूर-नांदेडच्या सीमेला लागून असलेल्या कन्नड प्रदेशातील ‘केरेगे हार’ ही लोकगाथा तुलनेस अधिक उपयोगी पडेल. तळे खोदले, पाणी लागत नाही; गावच्या गौडाची धाकटी सून भागीरथी तळ्याला अर्पण होते; तळे भरते. युद्धावरून परतलेला नवरा त्याच पाण्यात उडी घेतो. गाथा येथेच थांबते. गावाला कोणतीही शिक्षा नाही. ते ते पाणी पीत राहते. क्योका मात्र गाव बुडवून आपल्याला मोकळे करतो. प्रस्तुत लेखकास गाथेचा शेवट अधिक कठोर आणि म्हणून अधिक खरा वाटतो. नाटकात अपराधी नाहीसे होतात आणि अपराधही त्यांच्याबरोबर वाहून जातो. गाथेत तो रोज घागरीने घरात येतो.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील गावे कोसळली. हजारो माणसे मेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे मातीचे ओझे झोपलेल्यांवर आले, हे त्या संहाराचे एक मुख्य कारण होते. ज्याने हे पाहिले, त्याला ‘गाव बुडाले, कारण गाव पापी होते’ हे वाक्य केवळ कलात्मक न्याय म्हणून वाचता येत नाही. १९३४ च्या बिहारमधील भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाचे शासन म्हटले, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर आक्षेप घेतला होता. हेतू कितीही थोर असला, तरी नैसर्गिक आपत्तीला नैतिक कारण जोडणे त्यांना मान्य नव्हते. क्योकाचा पूर हा दैवी खरा, पण तर्क तोच आहे. शिवाय नाटकाने स्वतःच त्याविरुद्ध साक्ष ठेवली आहे. प्रियकराकडे जाण्यासाठी उतावीळ झालेली नागदेवता गाव बुडविण्यास सिद्ध होते, आणि बाहुलीला जोजवीत युरी म्हणत असलेली अंगाई ऐकून थांबते. त्या क्षणी देवतेला गावापेक्षा एक आवाज महत्त्वाचा वाटतो. पूर येतो तेव्हा गावातल्या खऱ्या पाळण्यांत कोण होते आणि त्यांनी कोणता करार मोडला होता, याचे उत्तर नाटकात मिळत नाही. वाचतो तो आकिराचा मित्र, क्योटोहून आलेला एक अभ्यासक.