चेंडूकडे न पाहणारा

थॉरोल्ड डिकिन्सन यांनीं दिग्दर्शित केलेला ‘द आर्सेनल स्टेडियम मिस्टरी’ हा १९३९ सालचा इंग्रजी बोलपट आज फारसा कोणाच्या स्मरणांत नाहीं. लेनर्ड ग्रिबल यांच्या कादंबरीवरून घेतलेलें त्याचें कथानक साधेंच आहे. लंडनचा आर्सेनल संघ आणि ‘ट्रोजन्स’ नांवाचा एक कल्पित हौशी संघ यांचा फुटबॉलचा सामना चालू असतां ट्रोजन्सचा एक खेळाडू मैदानावर कोसळतो. त्याच्यावर विषप्रयोग झालेला असतो. तपासासाठीं स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर स्लेड येतो.

हा स्लेड मोठा नमुनेदार गृहस्थ आहे. पोलिसांच्या करमणुकीच्या कार्यक्रमाची तालीम घ्यावयाची आणि तपास करतां करतां टोप्या बदलावयाच्या, हा त्याचा खाक्या! फौजदार म्हटला कीं आवाज खालीं आणणाऱ्या आम्हांस हा पोरखेळ प्रथम खटकला. परंतु लेस्ली बँक्स या नटानें त्याआडची तीक्ष्ण नजर अशी कांहीं राखली आहे कीं, थोड्याच वेळांत आम्ही त्या टोप्यांची वाट पाहूं लागलों.

खून होतो तो हजारों माणसांदेखत, आणि एकालाही तो दिसत नाहीं. कारण सर्वांचे डोळे चेंडूवर! भक्ताची एकाग्रता ती हीच. पोलिसाला मात्र चेंडूखेरीज सर्व कांहीं पाहावयाचें असतें. बोलपटाचें खरें नाट्य आम्हांस या दोन दृष्टींत दिसलें; दिग्दर्शकानें मात्र त्यांची समोरासमोर गांठ पडूं दिली नाहीं. स्लेडचे प्रश्न संघाच्या निकटच्या मंडळींपुरते. जमाव केवळ गर्जना करण्यापुरता. एवढी सोन्यासारखी संधि वायां दवडली, हें आम्ही स्पष्टच म्हणतों.

आणि तो जमाव तर खरा आहे! ६ मे १९३९ रोजीं हायबरीच्या मैदानावर आर्सेनल आणि ब्रेंटफर्ड यांचा लीग सामना झाला. ब्रेंटफर्डच्या खेळाडूंस पांढरे सदरे घालून तोच ट्रोजन्सचा सामना म्हणून येथें दाखविला आहे. आर्सेनलचे खेळाडूही खरे, त्यांचे व्यवस्थापक जॉर्ज ॲलिसन हेही स्वतःच्याच भूमिकेंत. पुढें चार महिने पुरते झाले नाहींत तोंच, ३ सप्टेंबरला ब्रिटननें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें. हायबरीवरचा खेळही २००६ सालीं कायमचा थांबला. रहस्य उलगडत होतें तेव्हां आमचें लक्ष खुन्याकडे नव्हतें. मागच्या रांगांतील त्या टोपीवाल्या चेहऱ्यांकडेच तें पुनःपुन्हां वळत होतें.